आपल्या उपनगराचा कारभार

पवित्र शास्त्रातील निर्गम नामक पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एक बोधप्रद हकीकत आली आहे. मोशे हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसे, व लोक त्याच्यापुढे दिवसभर ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो त्यास भेटावयास आला असता त्याने हे पाहिले व जावयास सांगितले की, ही रीत बरी नव्हे; अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. यास्तव हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर असे लायक, देवभीरू व लाचेचा तिटकारा असणारे पुरुष नेम. लहानसहान गोष्टींचा निकाल त्यांनी करावा व मोठी गोष्ट तेवढी तुझ्याकडे आणावी. मोशेने सासऱ्याचे ऐकले.

ज्यास आपण हल्ली स्थानिक स्वराज्य म्हणतो, त्याचे मूळ तत्त्व या लहानशा हकीकतीत पुरतेपणी सामावले आहे. जी गोष्ट ज्या ठिकाणी सुटण्याजोगी आहे ती त्याच ठिकाणी, तेथल्याच माणसांच्या हातून सुटावी. दूरच्या मोठ्या दरबाराकडे ती नेण्याचे कारण पडू नये, हे ते तत्त्व होय. आमच्या शाळेत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादी निरनिराळ्या ठिकाणांहून विद्यार्थी येतात. त्यांपैकी कोणासही विचारले की, तुमच्या गल्लीतील गटार कोण साफ करतो, तर बहुधा उत्तर मिळते, “सरकार.” उत्तर अगदीच चूक नाही, पण कोणते सरकार, असे पुढे विचारले म्हणजे वर्ग स्तब्ध होतो. ही स्तब्धता मोडावी व विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या वडीलमंडळींसही या विषयाची ओळख व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम कामांची वाटणी पाहू. ज्या गाडीने तुम्ही शाळेत येता ती आगगाडी व टपाल ही केंद्रसरकारची. पोलीस, शिधावाटप, जमिनीचे दप्तर आणि अनुदानित माध्यमिक शाळांचा पगार ही राज्यसरकारची. जमिनीच्या कामासाठी मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी वांद्रे येथे बसतात, व त्यांच्या हाताखाली अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंड ही कुर्ला तालुक्यात मोडतात. परंतु नळाचे पाणी, गल्लीतील रस्ता, कचरा, गटारे, दवाखाने, मंडई, बागा, प्राथमिक शाळा, आगीचा बंब आणि जन्ममृत्यूची नोंद ही सर्व कामे महानगरपालिकेची होत. मूल जन्मास आले की त्याचे नाव तिच्या वहीत चढते, व माणूस निवर्तला की त्याची अखेरची नोंदही तीच करते. जन्मापासून मरणापर्यंत जिचा आपल्याशी इतका निकट संबंध, तिच्याविषयी आपले ज्ञान मात्र सर्वांत थोडे, ही नवलाची गोष्ट आहे.

आता थोडा पूर्वेतिहास. ज्या भूमीवर आपण राहतो ती मूळची मुंबई नव्हे. ते साष्टी बेट होय. ठाणे जिल्ह्याचा तो एक भाग होता व गावोगाव पाटील-कुलकर्ण्यांचा कारभार चाले. १८६० साली साष्टीच्या डोंगरांत विहार तलाव पुरा झाला, व १८७९ साली त्याच्या शेजारी तुळशी तलाव झाला. डोंगर साष्टीचे, पाऊस साष्टीचा. परंतु पाणी नळांतून गेले ते मुंबई शहरास. साष्टीच्या खेड्यांतील लोक आपल्या विहिरी-तळ्यांवरच राहिले. शहरास बोलावयास स्वतःची संस्था होती व खेड्यांस ती नव्हती, हा फरक येथे ध्यानात ठेवावा.

पुढे वांद्रे व कुर्ला येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिसिपालिट्या निघाल्या. १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव केला. लोकांस राज्यकारभाराचे शिक्षण गावच्या कारभारातून मिळावे, हा त्या ठरावाचा एक मुख्य हेतू होता. १९२० साली साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यापासून वेगळा काढून उपनगर जिल्हा करण्यात आला. रेल्वेच्या दुतर्फा वस्ती वाढू लागली व घाटकोपर-किरोळसारख्या म्युनिसिपालिट्या कारभार पाहू लागल्या. त्यांचा अध्यक्ष रस्त्यात भेटे, सभासदाचे घर चार पावलांवर असे, आणि दिवा लागला नाही तर कोणास बोल लावावा हे शेंबड्या पोरासही ठाऊक असे. त्यांची तिजोरी मात्र लहान होती. मोठा तलाव बांधणे, मोठे इस्पितळ काढणे ही कामे त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

मुंबई शहराची कथा निराळी आहे. तेथे १८६५ च्या कायद्याने शहरातील जस्टिस ऑफ दि पीस यांचे मंडळ कारभारासाठी स्थापन झाले, व प्रत्यक्ष अधिकार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती आला. क्रॉफर्डसाहेब मोठे कर्ते होते. रस्ते रुंद झाले, गटारे झाली आणि ज्या मंडईस आज महात्मा जोतीबा फुले यांचे नाव आहे ती मंडईही झाली. परंतु खर्चास लगाम राहिला नाही, व १८७१ साली करदात्यांत मोठा असंतोष माजला. त्या वेळी फिरोजशहा मेहता हे तरुण बॅरिस्टर पुढे आले. कारभार एका कर्त्या अधिकाऱ्याच्या हाती असण्यास त्यांची हरकत नव्हती. पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेची देखरेख असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची सभा ठरली, व त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे असे झाले. पुढे १८८८ चा कायदा झाला, त्यातही मेहतांचा मोठा हात होता. अनेक दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही चालू आहे. महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा आहे. शहरात जाल तेव्हा तो अवश्य पाहा.

मत देण्याचा हक्क आरंभी कर भरणाऱ्या थोड्यांनाच होता. १९४८ साली प्रथमच सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मताने सभासद निवडले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ एप्रिल १९५० रोजी, उपनगरांचा पहिला भाग मुंबईस जोडला गेला. पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंतचा व पूर्वेस भांडुपपर्यंतचा मुलूख तेव्हा आत आला. म्हणजे अंधेरी व घाटकोपर मुंबईत आली. १९५७ च्या फेब्रुवारीत हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा बोरिवली व मुलुंडही आली. लहान म्युनिसिपालिट्यांचा कारभार संपला.

यात लाभ झाला की हानी? आमच्या मते दोन्ही झाली. लाभ उघड आहे. ठाणे व नाशिक जिल्ह्यांतील वैतरणा, भातसा या नद्यांचे पाणी मोठ्या खटपटीने आपल्या नळास येते, ते एखाद्या लहान पालिकेच्याने झाले नसते. अंधेरीकरांस कूपर, घाटकोपरवासीयांस राजावाडी ही इस्पितळे जवळ आहेत, तीही या मोठ्या संस्थेचीच. शिवाय पाणी हद्द ओळखत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी जीत येते ती मिठी नदी फुगली, आणि पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत हाहाकार उडाला. अशा नदीचा बंदोबस्त एका उपनगराने कसा करावा?

पण हानीही आहेच. मोठ्या संस्थेत सर्वांच्या सोयीचे ओझे एखाद्या कोपऱ्यावर पडते. शहराचा कचरा कित्येक वर्षे मुलुंडच्या क्षेपणभूमीवर येऊन पडत असे. ती २०१८ साली बंद झाली. तोवर धूर व दुर्गंधी मुलुंडकरांनी सोसली. अशा वेळी त्या कोपऱ्याच्या वतीने भर सभेत उभा राहून बोलणारा कोणी हवा असतो. तोच आपल्या प्रभागाचा नगरसेवक होय.

आता सध्याची रचना नीट समजून घ्या. १८८८ च्या कायद्याने कारभाराचे तीन मुख्य खांब ठरविले आहेत: महापालिकेची सभा, स्थायी समिती व आयुक्त. सभेत प्रत्येक प्रभागातून एक याप्रमाणे २२७ सभासद पाच वर्षांकरिता निवडून येतात. २०१२ च्या निवडणुकीपासून त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखीव आहेत. सभासद आपणांतून महापौर निवडतात. त्याची मुदत अडीच वर्षांची. १९३१ पूर्वी या पदास अध्यक्ष म्हणत, त्या वर्षापासून महापौर ही पदवी आली. पैशाची किल्ली स्थायी समितीकडे असते; मोठे ठेके व अंदाजपत्रक तिच्यापुढून जावे लागते. शिक्षण, सुधार व बेस्ट यांकरिता निराळ्या समित्या आहेत. बेस्टचा वीजपुरवठा केवळ जुन्या शहरापुरता असून उपनगरांत तिच्या बसगाड्या तेवढ्या धावतात, हेही येथेच सांगून ठेवतो. वीज गेली तर तक्रार कोठे करावी याचा घोटाळा पुष्कळ घरांत होतो.

तिसरा खांब आयुक्त. सर्व अंमलबजावणी त्याच्या हाती. पण त्यास सभा निवडीत नाही, राज्यसरकार नेमते. त्याच्या हाताखाली विभाग कार्यालये असून त्यांस इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची नावे आहेत. अंधेरीची नावे ‘के’ या अक्षराने सुरू होतात, घाटकोपरचे ‘एन’, मुलुंडचे ‘टी’, आणि बोरिवलीचे ‘आर मध्य’. प्रत्येक विभागावर एक सहायक आयुक्त असतो. इथ्रोच्या भाषेत बोलावयाचे तर शंभरांवरचा तो हा अधिकारी. तुमच्या घरापासून फार दूर नसलेला.

पैसा येतो कोठून? पूर्वी मुंबईत येणाऱ्या मालावर मुलुंड व दहिसर येथील नाक्यांवर जकात घेत. मालमोटारींच्या रांगा वडीलमंडळींस आठवत असतील. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला व जकात गेली. तिच्या बदली राज्यसरकारकडून भरपाई मिळते. म्हणजे जे उत्पन्न स्वतःच्या नाक्यावर गोळा होत असे, ते आता दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागते. त्याखेरीज मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकामाची शुल्के हे उत्पन्नाचे मार्ग आहेत. २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक ७४,००० कोटी रुपयांहून अधिक होते. एवढ्या पैशाचा हिशेब विचारणे हे काही लहानसहान काम नव्हे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला आहे? आफ्रिका खंडातील दोन उदाहरणे घेऊ. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळी गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्यांचे कारभार निरनिराळे असत. श्रीमंत वस्तीचा कर श्रीमंत वस्तीतच राही. १९९६ च्या राज्यघटनेने स्थानिक संस्थांस शासनाचा स्वतंत्र थर मानले, आणि २००० साली जुने तुकडे जोडून नव्या नगरपालिका झाल्या. ज्या डर्बन शहरात गांधीजींनी वकिली केली ते आज एथेक्विनी महानगरपालिकेत आहे. तेथे निम्मे सभासद प्रभागांतून निवडतात व निम्मे पक्षांस मिळालेल्या मतांच्या प्रमाणात येतात. विशेष हे की, मुख्य अधिकारी सभा स्वतः नेमते. सरकार पाठवीत नाही. घाना देशाची तऱ्हा याच्या उलट आहे. तेथील १९९२ च्या राज्यघटनेप्रमाणे जिल्हा सभांच्या निवडणुकांत पक्षांस वाव नाही. उमेदवार आपल्या नावावर उभा राहतो. परंतु सुमारे तीन-दशांश सभासद राष्ट्राध्यक्ष नेमतो व जिल्ह्याचा मुख्य कार्याधिकारीही तोच सुचवितो. मात्र उपस्थित सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती मिळाल्यावाचून त्यास ती जागा मिळत नाही. या दोहोंशी आपली तुलना केली म्हणजे दिसून येते की, मुंबईचा आयुक्त वरून येतो आणि येण्यापूर्वी सभेची संमतीही त्यास लागत नाही. फिरोजशहांनी सांगितलेली सभेची देखरेख हाच काय तो आपला लगाम.

म्हणूनच अलीकडच्या एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९९२ साली झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरविली असून ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी असे सांगितले आहे. असे असता मार्च २०२२ मध्ये सभेची मुदत संपली, राखीव जागांचे व प्रभागांच्या संख्येचे वाद न्यायालयात गेले, आणि निवडणूक लांबत गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याविषयी आज्ञा केली व जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मध्यंतरी साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक तयार करणारे तेच व त्यास मान्यता देणारेही तेच.

त्या काळात रस्ते झाडले गेले नाहीत किंवा नळ बंद पडले, असे आमचे म्हणणे नाही. कामे चालू होती, व कित्येक अधिकारी निष्ठेने राबत होते. परंतु क्रॉफर्डसाहेबांच्या वेळीही कामे चालूच होती! प्रश्न काम होण्याचा नसून जाब विचारण्याचा आहे. चाळीतील बाई पहाटे तीन वाजता पाण्यासाठी उठते. तिने आपली अडचण कोणाच्या दारी सांगावी? अधिकारी बदलून जातो. नगरसेवकास पुन्हा तिच्याच दारी मत मागावयास यावे लागते. हे ‘पुन्हा येणे’ हाच लोकशाहीचा प्राण होय. शाळेत चढत्या वर्गांतून जाणारी कित्येक मुले या अवधीत अठरा वर्षांची झाली. आपल्या प्रभागाचा सभासद कसा असतो हे पाहिल्यावाचूनच ती मतदार बनली. ही हानी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

येथे काही पालक म्हणतील, “गुरुजी, हे सगळे राजकारण आहे. त्या चिखलात आमच्या मुलांनी कशाला पडावे?” त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. लाच, गटबाजी, आश्वासनांची खैरात ही सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. परंतु इथ्रोने जी लक्षणे सांगितली त्यांचा पुन्हा विचार करा. लायक, देवभीरू, लाचेचा तिटकारा असणारे पुरुष शोध, असे त्याने सांगितले. म्हणजे ते शोधावे लागतात, आपोआप पुढे येत नाहीत, हे त्या काळीही ठाऊक होते. चांगली माणसे चिखल म्हणून दूर राहिली तर चिखल वाढेल की आटेल? २०१७ च्या निवडणुकीत मुंबईत शंभरांपैकी सुमारे पंचावन्न मतदारांनी मत दिले, आणि तेवढ्याचेही कौतुक झाले, कारण पूर्वी त्याहून कमी लोक येत. उरलेल्या पंचेचाळिसांनी गटाराविषयी तक्रार करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या तक्रारीचे वजन त्यांनीच कमी केले आहे.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत पुढील गोष्टी कराव्या. आपल्या विभागाचे अक्षर व आपल्या प्रभागाचा क्रमांक शोधून वहीत लिहावा. आपल्या नगरसेवकाचे नाव घरात किती जणांस ठाऊक आहे, ते पाहावे. वडिलांच्या किंवा आईच्या अनुमतीने विभाग कार्यालय एकदा पाहून यावे. गल्लीत काही अडचण असल्यास ती स्वच्छ अक्षरांत, तारीख व जागा घालून लिहावी, आणि वडीलमंडळींकरवी कार्यालयात द्यावी. अर्जाचा क्रमांक मागून घ्यावा. १९१६ या दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. उत्तर न आल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कारण विचारता येते. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. एक, अर्ज म्हणजे भीक नव्हे; आपल्याच घराच्या कारभाऱ्यास घरधन्याने विचारलेला तो प्रश्न आहे, म्हणून त्यात लाचारीही नको व उर्मटपणाही नको. दुसरी, ज्याने स्वतः खिडकीतून कचरा टाकला त्याने गटार तुंबल्याचा अर्ज लिहू नये.

बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र धाडले, त्यात ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, असा उपदेश केला. कारण त्या नगराच्या कल्याणातच त्यांचे कल्याण होते. परक्या नगराविषयी जर हे कर्तव्य, तर ज्या उपनगरात आपण जन्मलो, शिकलो व जेथे आपली वडीलधारी माणसे विसावली आहेत, त्याच्याविषयी ते किती अधिक असावे! प्रार्थना तर आपण करूच. तिच्या जोडीस थोडे ज्ञान, थोडी जागरूकता आणि योग्य वयात दिलेले एक विचारपूर्वक मत असावे, एवढीच आमची सर्व विद्यार्थ्यांस व पालकांस विनंती आहे.